भिकाजीची हवेची गादी

मी धाकू. सुर्ल्याच्या फाट्यावर सव्वीस वर्षं खनिजाच्या ट्रकांचे टायर सांभाळले. हवा कमी दिसली की माझं डोकंच फिरतं. मग खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदारी गंजत उभे राहिले. बायको आधीच गेलेली, लेक सासरी. दिवसभर बोलायला कोण? कंप्रेसर!

म्हणून भिकाजीच्या घरून बोलावणं आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. भिकाजी माझं जुनं गिऱ्हाईक, ट्रकवाला. ताडपत्री बांधताना वरून पडला आणि कमरेखालचं अंग बधिर झालं ते झालंच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून जावयानं म्हापशाहून हवेची गादी आणली होती. आडव्या फुगणाऱ्या नळ्या आणि पायथ्याशी छोटा पंप. तिला भोक पडलं होतं.

पंक्चर काढलं. साबणाचं पाणी, बुडबुडा, ठिगळ. त्यात काय मोठं! पण पंप सुरू केला आणि बघतो तर एक नळी फुगलेली, शेजारची मऊ पडलेली. दहा मिनिटांनी फुगलेली बसली, बसलेली फुगली. आयला, हे कसलं काम? पंपातून दोन रबरी पाइप निघत होते. दोन्हींत जोड मारून मी एकच करून टाकला. सगळी गादी टणटणीत!

"भावजी, तुमचो हात लागलो म्हणजे काय बघूक नको," भिकाजीची बायको रुक्मिणीवहिनी म्हणाली.

मग मी दर रविवारी जायला लागलो. गादी तपासायचं निमित्त. चहा, त्यात बुडवायला उंडो पाव, आणि भिकाजीबरोबर जुन्या ड्रायव्हरांची उणीदुणी.

पाचव्या रविवारी वहिनीनं त्याला कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर सुपारीएवढी काळी जखम. "गादी असून ही झाली कशी?" मीच विचारलं. शहाणा!

तीन दिवसांनी डिचोलीत एका घरी तशीच गादी दुरुस्त करायला गेलो. तिथंही जोड मारायला हात घातला, तर त्या घरची सून गौरवी खेकसलीच. ती नर्स. "अहो, काय करताय? एक नळी बसायलाच हवी, तेव्हा तिथल्या अंगाला रक्त मिळतं. सगळ्या कायम फुगलेल्या म्हणजे माणसाला फळीवर निजवल्यासारखंच."

 तिथलं काम कसंबसं उरकलं आणि स्कूटर थेट सुर्ल्याला घातली. वाटेत एकच विचार: गुपचूप जोड काढून टाकावा, कुणाला कळतंय? सांगितलं तर ते दार मला बंद. आणि मला दुसरं दार नव्हतं.

वहिनी आरोग्य केंद्रात मलम आणायला गेली होती. मी जोड तोडला, पाइप वेगळे लावले. नळ्या आळीपाळीनं फुगायला लागल्या. मग मात्र राहवेना.

"भिकाजी, तुझी जखम माझ्यामुळं झाली रे. गादी मीच बिघडवली."

तो छपराकडे बघत होता. "माका म्हायत आसा. खांद्यांक कळता रे. आधी गादी खालून हलायची. तू हात लावलास, त्याच दिवशी बंद झाली."

"मग बोलला का नाहीस, गाढवा!" मी ओरडलोच.

"बोललो असतो तर नीट करून लाजेनं तोंड लपवलं असतंस. तुझो स्वभाव काय माका नवो? मग आयतवारी हय कोण येता?"

मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

वहिनी आली. "सांगू नको," भिकाजी पुटपुटला. मी सांगितलं. सगळं.

 तिनं मलमाची ट्यूब माझ्या हातात आदळली. "उद्यापासून पट्टी तुम्ही बदलायची, भावजी. रोज. जखम भरेपर्यंत."

रोज! जखम लवकर भरू नये असं क्षणभर मनात आलं, आणि मला माझीच शिसारी आली.