पिरोजाची पाठ

जावयाने तोंडाआधी हात चालवला. दलालकाका उंबऱ्यातच आडवे झाले. त्यांचा चष्मा पाण्याच्या टपात पडला आणि दगड घासायची साण फिरत असतानाही त्यांचा दात फरशीवर पडल्याचा आवाज ताईला स्पष्ट ऐकू आला.

जावई म्हणजे सराफी पेढीच्या मालकाचा जावई. बाजारात त्याला दुसरं नाव नव्हतं. त्याच्यामागून त्याचा गडी ठोकळ्या आत आला, दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिला आणि खिशातून काढलेले शेंगदाणे खाऊ लागला. दगड घासण्याच्या त्या लांबट खोलीत आता पाच माणसं होती, त्यांतला ताईचा धाकटा भाऊ साणेपाशी टोकाला दगड चिकटवलेली काडी हातात धरून तसाच बसून राहिला होता.

जावयाने कागदाची पुडी टेबलावर उपडी केली. अकरा पिरोजे घरंगळले. महिन्यापूर्वी ते आभाळासारखे निळे होते. आता शेवाळ धरलेल्या हौदासारखे हिरवट झाले होते.

"गिऱ्हाइकाच्या बायकोने महिनाभर गळ्यात घातले," तो म्हणाला. "काल तिने हार माझ्या सासऱ्यांच्या तोंडावर फेकला. सासऱ्यांनी चारचौघांत माझ्या तोंडावर. आता मी कोणाच्या तोंडावर फेकू, ते तू सांगायचंस, ताई."

"मी?"

"दगड आणला या म्हाताऱ्याने. घासला तुझ्या भावाने. दोघांतल्या एकाने बदलला. ज्याने बदलला त्याचा हात साणेवर. चूक कबूल केली तरी साणेवर, नाही केली तरी साणेवर. तेव्हा तेवढा वेळ वाचव."

भावाचा न्याय बहिणीकडे दिला म्हणून जावई मूर्ख नव्हता. ताईच्या लग्नात सासरच्यांनी घातलेला हार नकली आहे हे तिने त्यांच्याच तोंडावर सांगितलं होतं आणि आठव्या दिवशी ती ट्रंक घेऊन परत आली होती. दगडाच्या बाबतीत ही बाई सख्ख्या आईलाही सोडणार नाही, असं बाजार म्हणायचा. कौतुकाने कमी, वैतागाने जास्त.

"दगड असेच आले होते, ताई," भाऊ म्हणाला. "आईशपथ."

काका फरशीवर बसून तोंडातलं रक्त रुमालात घेत होते. ताईच्या वडिलांच्या काळापासून ते या घरात दगड आणत होते. ते म्हणाले, "पोरी, बघ आणि जे आहे ते सांग. माझी काळजी करू नकोस."

ताईने एक पिरोजा उचलला. उलटा केला. मग बाकीचे दहाही उलटे केले.

पिरोजा खडकाच्या भेगेत धरतो. तांबं त्याला निळा करतं, लोखंड हिरवा. आणि ज्या खडकात तो जन्मतो त्या खडकाचा चपटा थर त्याच्या पाठीला चिकटलेला असतो. या कारखान्यात तो थर नखाएवढा ठेवायचा, घासून काढायचा नाही, अशी वडिलांची सक्त ताकीद होती. त्याने दगडाला आधार मिळतो, तडा जात नाही. शिवाय पाठ बघितली की दगडाचं माहेर कळतं. काकांचा माल उंच, कोरड्या डोंगरातल्या खाणीचा. त्याची पाठ काळी, जाळी केसासारखी बारीक, अंग काचेसारखं कठीण. घाम काय, तेल काय, काही आत शिरत नाही.

या अकराही दगडांच्या पाठी कोऱ्या होत्या. आरशासारख्या घासलेल्या.

दगड काकांकडून वाईट आला असता तर भावाने नेहमीसारखी पाठ ठेवली असती. पाठ तोच पुसतो ज्याला माहेर लपवायचं असतं. हे दगड घासायला आले तेव्हा आठ दिवस ती तापाने पडून होती. हे काम त्याने एकट्याने केलं होतं.

"फोडून बघते," ती म्हणाली. तिला वेळ हवा होता.

तिने लहान हातोडी घेतली, दगड ऐरणीवर धरला आणि कडेला एक टोला दिला. तुकडे झाले. आत खडू. निळा रंग फक्त कातडीला, त्याखाली पांढरट भुसभुशीत आणि तांबूस मातीचे ठिपके. सखल भागातल्या पाणी साचणाऱ्या खाणीचा माल. स्पंजासारखा. बाईच्या गळ्यातला सगळा घाम पिऊन बसला होता.

"काय निघालं?" जावई म्हणाला.

ताई गप्प राहिली. भाऊ तिच्याकडे बघत होता, लहानपणी भांडं फोडून बघायचा तसा.

जावयाने ठोकळ्याला मानेने खूण केली. ठोकळ्याने शेंगदाणे खिशात टाकले, काकांना बगलेत धरून उचललं आणि त्यांचा उजवा हात साणेवर टेकवला. एक क्षण. काका ओरडले नाहीत, कुत्र्यासारखं कण्हले. बोटांच्या तीन सांध्यांवरची कातडी गेली आणि टपातलं पाणी गुलाबी झालं.

"गप्प म्हणजे म्हाताराच ना?" जावयाने विचारलं. "टेकव पूर्ण."

"सोड त्यांना!" ताई ओरडली. "माझ्या भावाने बदललेत."

भाऊ उठून दाराकडे पळाला. ठोकळ्याने काकांना टाकलं आणि त्याच्या कानशिलावर असा ठोसा दिला की तो टेबलासकट खाली आला. मग बरगडीत दोन लाथा.

"हलकट! सख्खी बहीण आहेस माझी!" तो फरशीवरून किंचाळला.

"खरे दगड कुठे आहेत?" ताईने विचारलं.

त्याची नजर एकदा फळीकडे गेली. फळीवर काड्यांना दगड चिकटवायची लाख होती, नेहमीपेक्षा मोठा गोळा. ताईने तो जमिनीवर आपटला. लाख फुटली आणि आतून अकरा काळ्या पाठीचे कच्चे पिरोजे बाहेर आले. तिने ते जावयाच्या हातावर ठेवले.

"माल मिळाला," ती म्हणाली. "आता जा."

"माल मिळाला. हात राहिला."

ठोकळ्याने भावाला केसांना धरून साणेपाशी ओढलं. ताई मध्ये उभी राहिली.

"साण कुठे थांबायचं ते जाणत नाही. मनगटापर्यंत खाईल. चोरी माझ्या घरात झालीय, शिक्षा मी देते. तुझ्यासमोर."

जावई हसला. "तू? लुटुपुटूचं मारशील."

"बघ तर."

तिने भावाचा उजवा हात ऐरणीवर दाबला. तो रडत होता, लाथा झाडत होता, "ताई नको, ताई" म्हणत होता. ताईने अंगठा आणि जवळची दोन बोटं बाजूला वळवून स्वतःच्या तळव्याखाली घेतली. शेवटची दोन उरली. दगड कुठे फुटेल हे तिला टोला मारण्याआधी कळायचं. तिने मधल्या पेराच्या बरोब्बर वर हातोडी आणली. पहिल्या टोल्यात दोन्ही मोडली. आवाज सुक्या काटकीसारखा झाला.

भावाच्या किंकाळीने जावयाचं हसू गेलं. तो पांढरा पडला. ठोकळ्यानेसुद्धा मान फिरवली. जावयाने खरे दगड खिशात कोंबले, काकांना ओलांडून ठोकळ्यासह बाहेर गेला आणि दार उघडंच राहिलं.

ताईने साण बंद केली. काकांच्या सांध्यांना तिने आधी चिंधी बांधली. मग भावाशेजारी बसून मोडलेल्या बोटांना बांधायला दोन सरळ कामट्या शोधल्या.

"पोरी, सरळ ओढ, नाहीतर वाकडी जुळतील," काका म्हणाले आणि चांगल्या हाताने त्यांनी भावाचं मनगट धरलं.

तिने बोट ओढलं. भाऊ तिच्या तोंडावर थुंकला.

"मेलीस तू मला," तो म्हणाला.

ताईने खांद्याने गाल पुसला. "घासायची काडी तीन बोटांनी धरतात. तीन शाबूत आहेत." मग दुसरं बोट हातात घेतलं. "दात आवळ."