अहोंचा डबा

रोज सकाळी नंदकुमारांच्या फोनवर निरोप यायचा: 'नंदकुमार, आज तुमच्या आवडीची भरली वांगी आहेत. पाठवू ना?' भाजी बदलायची, 'पाठवू ना?' कायम. पुस्तकात डोकं खुपसून राहणाऱ्या त्या निवृत्त विधुराला त्या दोन शब्दांनी पार हलवून सोडलं होतं. पद्मजाबाई मुलुंडला त्यांच्याच गल्लीत डबे करायच्या, एकट्याच राहायच्या. व्याख्यानमालेला याल का, एवढं विचारायचं धाडस नंदकुमार कधीपासून गोळा करत होते.

त्यावर खालच्या मजल्यावरच्या धोंडिरामनं पाणी ओतलं. त्यानं आपला फोन पुढे धरला: 'धोंडिराम, आज तुमच्या आवडीची भरली वांगी आहेत. पाठवू ना?'

"अरे नंदू, कॉम्प्युटर पाठवतो हे. डबा लावताना फॉर्ममध्ये आपण भरलेलं नाव रिकाम्या जागी टाकतो, झालं. मला तर वांगं आवडतही नाही."

नंदकुमारांना ते खरं मानायचं नव्हतं. घरी कुणी नसताना उगीच इकडंतिकडं बघून त्यांनी फॉर्म उघडला आणि नावाच्या जागी लिहिलं, 'अहो'.

सकाळी निरोप आला: 'अहो, आज तुमच्या आवडीचं पिठलं आहे. पाठवू ना?'

म्हणजे धोंडिराम खरं बोलत होता. वाईट वाटायला हवं होतं. पण नंदकुमारांनी निरोप पुन्हापुन्हा वाचला आणि नाव काही बदललं नाही. आठवडाभर चैन केली.

तेच नाव डब्यावरच्या चिठ्ठीवर छापलं जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. डबे पोचवणारा माणूस रजेवर गेला आणि दारात स्वतः पद्मजाबाई उभ्या.

"अहो म्हणजे तुम्हीच का? माझ्याकडच्या बायका रोज विचारतायत, बाई, तुमच्या अहोंचा डबा भरू?"

नंदकुमारांनी आधी फोनला, मग चष्म्याला दोष दिला, शेवटी माफी मागून नाव लगेच बदलतो म्हणाले. "बदला," म्हणून बाई जिना उतरल्या. हसल्या की रागावल्या, कळेना.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: 'नंदकुमार, आज तुमच्या आवडीची मेथी आहे. पाठवू ना?' संपलं सगळं, म्हणत त्यांनी फोन उपडा ठेवला. तो पुन्हा वाजला.

'अहो, मेथीत मीठ जास्त पडलंय. चालेल ना?'

नंदकुमार अनवाणीच धोंडिरामकडे धावले. मिठाचा निरोप आला का, विचारलं.

"कसलं मीठ? मला नुसती मेथी आलीय."

"तुझ्या आवडीची आहे. खा," म्हणत ते वर पळाले.

डबा आला, भाजी खरंच खारट निघाली. ती चाटूनपुसून संपवून, उजवा हात खरकटाच ठेवून, त्यांनी डाव्या अंगठ्यानं व्याख्यानमालेचं विचारून टाकलं.