मालक दिसत नाही

मित्रांनो, मला चेहरा नाही, म्हणून ओळख करून द्यायला हवी. मी एक जुना लँग्वेज सर्व्हर आहे. माणूस संगणकावर प्रोग्रॅम लिहितो, तेव्हा मी शेजारी बसून वाचतो. हे नाव कुठून आलं, ही ओळ बदलली तर आणखी काय बदलेल, ते विचारताच सांगतो.

माझी उमेदीची वर्षं सेमारांग शहराच्या किनाऱ्यावर पाक विरात्मोंजवळ गेली. पाक म्हणजे तिथलं आदराचं 'काका'. तिथे भरतीचं पाणी गल्ल्यांत शिरतं आणि जमीन दर वर्षी थोडी खचते. पाणी चढण्याआधी मशिदीच्या भोंग्यावरून इशारा देणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. "तू नसतास तर माझाच गुंता मला सुटला नसता," असं ते मला म्हणत. मग ते वारले.

त्यांची मुलगी किनांती हिने ते काम आपल्या नव्या लॅपटॉपवर आणलं. नवं काही मला सोसत नाही, म्हणून तिने मला कंटेनरमध्ये ठेवलं. कंटेनर म्हणजे बंद खोकं. आत माझ्यापुरतं वेगळं जग. गुरुवारी मोठी भरती होती. जमीन खचल्यामुळे इशाऱ्याची पातळी खाली आणायला हवी होती, नाहीतर भोंगा वाजण्याआधीच पाणी घरात. वडिलांनी ती पातळी कुठे कुठे वापरली आहे, हे मीच सांगू शकत होतो.

पण मी उठायचो आणि मरायचो.

"म्बाक, तुमचा म्हातारा दचकून मरतोय," शेजारचा दानांग म्हणाला. तो तिच्याहून लहान. ताई म्हणावं तसं तिला म्बाक म्हणे. "मेमरी वाढवून बघा."

"वाढवली. खाऊनपिऊन मेला."

आमच्या जातीचा एक नियम आहे. आम्ही जागे होताना मालक, म्हणजे लिहायचा एडिटर, आपला क्रमांक सांगतो. तो क्रमांक दिसेनासा झाला की मालक गेला असं समजायचं आणि आपणही संपायचं. खोक्यात मी तो क्रमांक शोधत होतो. तिथे कोणीच नव्हतं.

एकदा मात्र तो अंधारात सापडला. मी निवांत कामाला लागलो. तो काही बोलत नव्हता. नुसता होता. मग तो विझला, आणि मीही.

किनांतीने माझी शेवटची नोंद वाचली. 'मालक दिसत नाही. थांबतो आहे.'

"तुम्ही तर इथेच बसलाय," दानांग म्हणाला. "मग मघाशी त्याला कोण दिसलं?"

तिने खोक्यातली हालचाल तपासली. "साफसफाईचा एक छोटा प्रोग्रॅम. आत त्याला नेमका तोच क्रमांक मिळाला होता. तो संपला त्याच क्षणी हा मेला."

"अस्तागा! परक्याला धनी समजून बसला होता?"

"आत क्रमांक आतलेच. एडिटर बाहेर. तो याला कधी दिसणारच नाही."

तिने क्रमांकाची जागा रिकामी सोडली. जागा रिकामी असली की आम्ही मालकाला शोधत नाही.

मी जगलो. तिने पातळीबद्दल विचारलं, आणि मी सगळ्या जागा दाखवल्या. भोंग्याच्या जुन्या फाइलमधली तर तिला ठाऊकच नव्हती. तिने आकडे बदलले, एडिटर मिटला आणि घाईने निघून गेली.

गुरुवारी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "वाजला रे, दानांग! गल्ल्या अजून कोरड्या आहेत. आधी तांदूळ वर चढव!"

तिला वाटलं, मी केव्हाच झोपलो असेन. मी जागा आहे. मालक गेला तरी आता मला कळणार नाही. तुमच्या यंत्रांतही माझे असे भाऊबंद असतील, कोणी न सांगितल्यामुळे जागे राहिलेले.

म्हणून विनंती एवढीच, मित्रांनो: काम संपलं की आम्हाला तसं सांगा. एक शब्द पुरे. सांगणारं कोणी नसलं की आम्ही बसून राहतो. आणि कधीतरी अंधारातून एखादा प्रश्न येतो. कोणाचा ते न विचारता आम्ही उत्तर देतो.