मंगलची हाळी

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या गाड्या निघून गेल्या, तेव्हा वाडीत काय काय उरलं ते मी मोजलं. एकसष्ट घरं, त्यांतली चाळीस कुलूपबंद. माणसं एकशे आठ, बहुतेक साठीच्या पुढची किंवा बाराच्या आतली. शेळ्या नव्वदच्या आसपास. त्या एका जागी उभ्या राहत नसल्यामुळे हा आकडा पक्का नाही. सेलवर चालणारे रेडिओ सतरा, त्यांतले चालू चौदा. जुन्या ग्रामपंचायतीच्या खोलीत पन्नास वॉटचं एक प्रक्षेपण यंत्र, एक कॉम्प्युटर, दोन माईक, सौर पॅनलवर भरणाऱ्या दोन बॅटऱ्या आणि खोलीमागे तीस मीटर उंचीचा मनोरा.

शिरूर कासारपासून तासाभराच्या अंतरावरच्या या वाडीत आमचं रेडिओ केंद्र आहे. सत्यशीलाताई ते चालवतात आणि त्याच बोलतात. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून यंत्रं सांभाळायला आले. संध्याकाळी सात वाजता ‘फडावरचा निरोप’ लागतो. सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला गेलेली माणसं फोन करून निरोप नोंदवतात आणि इथं म्हातारीकोतारी तो ऐकतात. ‘बाळ्याची शाळा बुडवू नका.’ ‘बैलाचा खूर बरा हाय.’ निरोप ऐकताना माणसं रेडिओला उत्तरं देतात, हे मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं.

डिसेंबरात शेजारच्या गावात पीपीआरची साथ आली. शेळीला ताप येतो, तोंडात फोड उठतात, नाक वाहतं आणि बहुतेक शेळ्या आठवड्याच्या आत मरतात. ताईंनी रोज रेडिओवरून सांगून बुधवारी लसीकरण ठरवलं. जनावरांचे डॉक्टर रामेश्वर बर्फाच्या डब्यात शंभर मात्रांची एकच बाटली घेऊन आले. लस कोरडी असते. ती एकदा पाण्यात कालवली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. त्यांनी ती नऊ वाजता मारुतीच्या पारावर कालवली आणि टोचायला सुरुवात केली.

त्याच वेळी सुंदरबाई धावत आल्या. पायात चप्पल नव्हती.

“पोरी, कुत्री घुसली गं वाड्यात! समद्या शेरड्या बरडावर पळाल्या.”

त्या तेवीस शेळ्या सुंदरबाईंच्या सुनेच्या, मंगलच्या. मंगलनं दहा वर्षांत दोन शेळ्यांच्या तेवीस केल्या होत्या. आता ती नवरा आणि सासऱ्यांबरोबर फडावर होती आणि शेळ्या सासूच्या हवाली होत्या. बरड म्हणजे वाडीच्या उत्तरेचा खडकाळ उतार. त्याच्या पलीकडच्या अंगाला साथीचं गाव. शेळ्या टेकडी ओलांडून तिथल्या कळपात मिसळल्या, तर एकही वाचण्याची खात्री नव्हती.

“हाका मारा की,” डॉक्टर म्हणाले.

“मारल्या न्हाईत व्हय? घसा बसला. माझ्या हाकेला त्या हालत न्हाईत. जवळ गेलं की अजून वर पळत्यात. त्यांना मंगलची हाळी लागती.”

“मग मंगलला आणता का फडावरून? माझी बाटली अकरापर्यंतच आहे, मावशी.”

“मंगल कशाला?” सत्यशीलाताई म्हणाल्या. “हाळी आणू.”

देवळाच्या भोंग्याला वीज नव्हती आणि बरडाखाली मोबाईलला रेंज नसते. रेडिओ मात्र तिथं स्वच्छ लागतो. शिवाय भोंग्याचा आवाज एकाच ठिकाणाहून येतो. रेडिओ जितके ठेवू तितक्या ठिकाणांहून तीच हाक एकदम उठते. मी हे सांगत होते तोवर म्हाताऱ्या घरांतून रेडिओ घेऊन निघाल्यासुद्धा. नऊ रेडिओ जमले.

केंद्रातून ताईंनी फोन लावला. मंगलचा आवाज आला, मागे कोयत्यांचा खचखच आवाज.

“आता देऊ? हितं?” तिनं विचारलं. मग पुटपुटल्यासारखी हाळी दिली आणि फोन ठेवला.

आवाज फार बारीक होता. मी तो अठरा डेसिबलनं वाढवला, मागची खरखर काढली आणि ताईंना म्हटलं, आता ऐकू जाईल. मग डॉक्टरांच्या मोटरसायकलवर मागे बसून बरडाखाली गेले. ते आता मोकळे होते. वाडीतल्या बाकीच्या शेळ्या टोचून झाल्या होत्या. बाटली डब्यात, डबा माझ्या मांडीवर.

बायकांनी रेडिओ दगडांवर एका ओळीत ठेवले होते, तोंडं उताराकडे. वर निवडुंगाच्या मागे शेळ्या दिसत होत्या. नऊ रेडिओंतून मंगलची हाळी उठली. आवाज भरपूर मोठा होता. एकाही शेळीनं मान वळवली नाही.

“ही हाळी न्हवं,” सुंदरबाई म्हणाल्या. “ही तर देवापुढं कुजबुजल्यावानी झाली.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दबकं बोलणं कितीही वाढवलं तरी ते ओरडणं होत नाही. ओरडताना गळा वेगळा ताणला जातो, वरचे स्वर पुढे येतात. मी फक्त कुजबुज मोठी केली होती. पण ती कुजबुजली का, हे मला कळत नव्हतं.

“सासरा असंल समोर,” सुंदरबाई सहज म्हणाल्या. “मामंजींपुढं आवाज कसा चढवंल ती? दहा वर्षांत मी सुदिक ऐकला न्हाई. हाळी ती बरडावर देती, कुणी न्हाई तिथं.”

आम्ही परत केंद्रात आलो. सव्वादहा होत आले होते. ताईंनी पुन्हा फोन लावला आणि यावेळी सरळ विचारलं.

“अक्का, मामंजी हाईत की समोर,” मंगल हळूच म्हणाली. “आणि रेडिओवर आख्खी वाडी ऐकंल. लोक काय म्हणतील?”

“मंगल, शेळ्या पलीकडं चालल्यात गं.”

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग खरखर झाली आणि एक जाड आवाज आला. तिचे सासरे, विठ्ठलराव.

“कोण, रेडिओवाल्या बाई का? काय झालंय? ही का रडायलीय?”

ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं.

“मग दे की गं! कावून थांबलीस?” ते सुनेला म्हणाले. विठ्ठलराव खाकरले. “बरं. मी बैलांना पाणी दावून येतो. कानाला मफलर गुंडाळलाय बघ. मला काय बी ऐकू येत न्हाई.”

पावलं दूर गेली. लगेच लांबून त्यांचा ओरडा ऐकू येऊ लागला, “हां रं सर्ज्या! पी की रं! आरं पी की!” एवढ्या मोठ्यानं बैलाशी कुणी बोलत नाही. सून काय करते ते ऐकू येऊ नये, याची ते सोय करत होते.

आणि मग हाळी आली.

ती खालून उठली, “हाऽऽऽ”, वर चढत गेली, सगळ्यात वर फाटली आणि “य्या य्या य्या” करत तुटक खाली आली. पडद्यावरचा आवाजाची पातळी दाखवणारा पट्टा लाल झाला. मी कशालाच हात लावला नाही.

“दर मिनिटाला लावते,” ताई म्हणाल्या. “तुम्ही पळा.”

आम्ही पोचायच्या आधीच ती सुरू झाली होती. वाटेवर एका ओट्यावर, पुढे एका गोठ्यात, जिथं जिथं रेडिओ उरले होते तिथून मंगल हाळी देत होती. आम्ही तिच्याच आवाजातून गेलो. बरडाखाली पोचलो तेव्हा बायका वर बघत उभ्या होत्या. एक शेळी टेकडीच्या माथ्यावर आभाळासमोर उभी होती, आणखी दहा पावलांवर पलीकडचा उतार होता. नऊ रेडिओंतून हाळी उठली. शेळीचे दोन्ही कान आमच्याकडे वळले. मग ती वळली आणि पळत सुटली. तिच्यामागे निवडुंगातून, घळीतून, खडकाआडून एकेक शेळी सुटली. दगड घरंगळत होते. कुणीही त्यांना हाकत नव्हतं.

फोन वरचे आणि खालचे स्वर कापून टाकतो, हे मी शिकले होते. जे पोचलं ते मूळ आवाजाचा एक अरुंद पट्टा होता, अडीचशे किलोमीटरवरून आलेला, तारेशिवाय हवेत सोडलेला, वीतभर डब्यांतून पुन्हा हवा हलवणारा. मला त्यातली प्रत्येक पायरी समीकरणासकट माहीत होती. तरी माझ्या अंगावर काटा होता आणि तो जात नव्हता.

पुढची तांबडी शेळी मधल्या रेडिओपाशी थांबली. तिनं तो हुंगला. मग रेडिओच्या मागे जाऊन पाहिलं.

“न्हाई गं तिथं,” सुंदरबाई तिला म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आमच्याकडे वळल्या. “एवढा आवाज हाय व्हय हिला! दहा वर्षं मला कळू दिलं न्हाई बघा.”

बायका हसल्या. डॉक्टर डबा उघडून बसले होते. “मावशी, हसा नंतर. धरा एकेकीला.” ताईंना कळवायला कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे शेवटची शेळी टोचून होईपर्यंत मंगल ओरडतच होती. अकराला तीन मिनिटं कमी असताना डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

एकविसाव्या दिवशी त्यांनी त्या तेवीस शेळ्यांच्या रक्ताचे नमुने तपासणीला पाठवले. बावीस नमुन्यांत पीपीआरविरुद्धची प्रतिपिंडं पुरेशा प्रमाणात आढळली, म्हणजे लस लागू पडली होती.