चुकीची पद्धत आधी

काकांनी वस्तरा ओल्या दगडावर टेकवला, त्याची पाठ चांगली दोन बोटं वर उचलली आणि अंगातला सगळा जोर लावून घासला. खर्र असा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिथे कुणीतरी दाढ दुखल्यासारखं कण्हलं.

काकांनी पुन्हा घासला. आता थांबणं जास्त धोक्याचं होतं.

समोर पन्नास खुर्च्या होत्या आणि पन्नासही भरलेल्या होत्या. सगळे न्हावी. एवढे न्हावी एका ठिकाणी गप्प बसलेले काकांनी जन्मात पाहिले नव्हते. पाठीमागे कापडी फलक होता: ‘वस्तऱ्याला धार लावणे : योग्य व अयोग्य पद्धती. प्रात्यक्षिक : धारवाले काका.’ संघटनेचे चिटणीस दर वर्षी हे आमंत्रण आणत आणि काका दर वर्षी कंबरदुखी पुढे करत. यंदा चिटणीस आमंत्रणासोबत कंबरेचा पट्टाच घेऊन आले, तेव्हा इलाज उरला नाही.

कित्येक वर्षं लोक त्यांना धारवाले म्हणत होते. त्यांच्या वस्तऱ्याखाली गिऱ्हाईक झोपी जातं आणि झोपेत हसतं, अशी ख्याती होती. ‘हाताचा गुण,’ असं काका म्हणत. हे खोटं नव्हतं. कुणाच्या हाताचा, एवढंच ते सांगत नसत.

दाढी त्यांच्यासारखी कुणी करत नव्हतं, यात वाद नाही. पण धार लावायची बायको. दुकानाच्या मागेच घर. दुपारी दुकान बंद करून काका आतल्या खोलीत लवंडले, की ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर दगड मांडायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात काकांनी तिच्यासमोर वस्तरा असा काही घासला होता, की तिने तो हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “तुमचा हात गालाचा, माझा दगडाचा.” विषय संपला. काका झोपायला गेले आणि पुढची चौतीस वर्षं रोज दुपारी झोपले.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली होती. जाताना तिने पत्र्याच्या डब्यात धार लावलेले अकरा वस्तरे मऊ कापडात गुंडाळून ठेवले होते. काका वरच्या कप्प्यातून एक काढत, बोथटला की खालच्या कप्प्यात टाकत आणि दुसरा काढत. वरचा कप्पा दोन वर्षांत रिकामा झाला नव्हता. बायकोच्या हाताला बरकत होती हे काकांना ठाऊक होतं. तिच्या लोणच्याची बरणीही अशीच संपायची नाही. त्यामुळे त्यांनी जास्त चौकशी केली नाही.

आजची युक्तीही त्याच डब्याच्या भरवशावर होती. दगडावर थोडं खरखरायचं, कपाळ पुसायला रुमाल काढायचा आणि त्या गडबडीत एप्रनच्या खिशातला बायकोचा वस्तरा काढून हातातल्याच्या जागी ठेवायचा. दोन्ही वस्तऱ्यांच्या मुठी काळ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काकांनी रुमालासाठी खिशात हात घातला. खिशात रुमाल होता. फक्त रुमाल.

त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. लेक बसली होती. दुकानातली दुसरी खुर्ची गेली सहा वर्षं तीच सांभाळत होती. तिच्या मांडीवर कापडाची एक छोटी गुंडाळी होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घरून निघताना ‘एप्रनला सुरकुत्या पडल्यात’ म्हणून तिने तो अंगावरच झटकून नीट केला होता. किती नीट, ते काकांना आत्ता कळलं.

“एक विचारू का, काका?”

तिसऱ्या खुर्चीवरून चष्मेवाला उठला. त्याचं दुकान काकांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे. गेली वीस वर्षं काकांची एक तरी चूक सापडावी म्हणून तो जगत होता, आणि त्यासाठी त्याने दोनदा चष्म्याचा नंबर वाढवून घेतला होता.

“विचार की,” काका म्हणाले.

“तुम्ही पाठ उचलून घासताय. आमचे वस्ताद असं करणाऱ्याला दुकानाबाहेर उभं करायचे. तुमची पद्धत हीच का?”

पन्नास माना पुढे झाल्या. काकांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला आणि नाकाच्या शेंड्याशी येऊन उत्तराची वाट पाहू लागला.

“फलक वाचला नाही का, भाऊ?” लेक उठून उभी राहिली. “योग्य आणि अयोग्य. बाबा अयोग्य आधी दाखवतायत. चुकीचं आधी बघितलं की बरोबर लक्षात राहतं.”

मग मागच्या रांगेत कुणीतरी खो-खो हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसू लागलं. चिटणीसांनी टाळी वाजवली. चष्मेवाला हळूहळू खाली बसला.

लेक मंचाजवळ आली. “बाबा, वस्तरा उलटायचा कसा नाही, ते राहिलं.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग वस्तरा त्यांना येत होता तसा उलटला, म्हणजे धारेवरून. पात्याने दगडाला टोचा मारला. लेकरू पडताना बघावं तसा सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला.

“बघितलंत? अस्सं कधीच करायचं नाही,” लेक म्हणाली. “आता धार बघणं.”

काकांनी अंगठा धारेवरून फिरवला आणि ‘स्स’ करून तोंडात घातला. हशा पिकला.

“अहो, काय हुबेहूब!” चिटणीस शेजाऱ्याला म्हणाले. “माझा मेव्हणा डोळ्यांसमोर उभा राहिला.”

“आणि आता चामोटा,” लेक म्हणाली.

खिळ्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा काकांनी ढिलाच धरला आणि सुरी फिरवावी तसा वस्तरा धारेकडून पुढे रेटला. पट्ट्यातून चामड्याची एक नाजूक वळी सुटली आणि जमिनीवर पडली. आता लोक खुर्च्यांच्या हातांवर मुठी आपटत होते. एक म्हातारा डोळे पुसत होता. अनेक वर्षांत इतकं प्रामाणिक काम काकांनी केलं नव्हतं, आणि त्याचं इतकं कौतुकही कधी झालं नव्हतं. त्यांना मजा येऊ लागली. त्यांनी न सांगता पट्ट्याची आणखी एक वळी काढली.

“बास, बाबा,” लेक हळू आवाजात म्हणाली. “पट्टा आपला आहे.”

मग ती लोकांकडे वळली. “आता बरोबर पद्धत. बाबा सांगतील, मी करते.”

मजा जागच्या जागी थांबली. बाबांना सांगता येण्यासारखं काही असतं, तर चौतीस वर्षं ते झोपले कशाला असते?

लेकीने स्टूल ओढलं, दगडावर ओंजळभर पाणी सोडलं आणि काकांच्या हातातून तोच, त्यांनी पार वाट लावलेला वस्तरा घेतला. डाव्या हातात. तिची आईही डावखुरी होती.

“पाठ उचलायची नाही,” ती म्हणाली. “पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकवून ठेवायच्या. बरोबर ना, बाबा?”

“टेकवून,” काका म्हणाले.

“दगडावर धार पुढे. आणि उलटायचं ते पाठीवरून. ना?”

“पाठीवरून,” काका ठासून म्हणाले. आपल्याला हे आधीपासून माहीत होतं असं त्यांना स्वतःलाच वाटू लागलं होतं.

“जोर किती द्यायचा, बाबा?”

या प्रश्नापुढे तिने ‘ना’ लावला नाही. ती थांबली. पन्नास जण थांबले. चष्मेवाल्याने चष्मा नाकावर वर सरकवला.

काकांनी दगडाकडे पाहिलं. पहिल्या महिन्यातली ती दुपार आठवली. हातातून वस्तरा काढून घेताना बायको आणखी काहीतरी पुटपुटली होती. ऐकू आलं होतं. ऐकायचं नव्हतं, इतकंच.

“वस्तऱ्याला त्याचं वजन आहे,” काका म्हणाले. “त्यात आपलं कशाला?”

लेकीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग तिचा हात चालू लागला.

आवाज बदलला. खरखर नव्हती. सर्र… सर्र… असा हलका, लांब आवाज. जाणं, पाठीवर वळणं, येणं. पहिल्यांदा खडबडीत बाजूवर, मग दगड उलटा करून गुळगुळीत बाजूवर. कुणी खोकलं नाही. पाऊण तास पन्नास न्हावी पुढे झुकून नुसता तो हात बघत बसले, आणि धार हळूहळू परत येऊ लागली तसे मागच्या रांगेतले एकेक जण उठून भिंतीशी उभे राहिले, टाचा उंचावून.

काका मात्र बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते. हा आवाज ते चौतीस वर्षं रोज दुपारी ऐकत आले होते. याच्यावरच त्यांना झोप लागायची. बायको गेल्यावरही तो थांबला नव्हता. झोपेच्या काठावर, पलीकडच्या खोलीतून, अगदी हलका यायचा. सर्र… सर्र… माणूस गेलं तरी घराला सवय राहते, असं समजून काका कूस बदलत आणि गाढ झोपत. कुणाला बोललेही नव्हते. लोक वेडा म्हणाले असते.

काकांनी डोळे उघडले. डाव्या हाताच्या करंगळीजवळ लेकीला एक घट्टा पडला होता. तो एका पाऊण तासाचा नव्हता.

लेकीने पट्टा ताठ ओढून धरला. “चामड्यावर उलट. इथे पाठ पुढे, धार मागे.” पन्नास-साठ फेरे झाले. मग तिने वस्तरा उजेडात धरला आणि म्हणाली, “कुणीतरी केस द्या.”

पन्नास न्हाव्यांच्या सभेत केसाची टंचाई व्हावी, हे नवल. दुसऱ्यांचे कापता कापता निम्म्यांच्या डोक्यावर काही उरलं नव्हतं. शेवटी चष्मेवाला उठला आणि स्वतःच्या कानामागचा एक उपटून दिला. त्याच्याकडे तसे मोजकेच होते. लेकीने तो चिमटीत लोंबता धरला आणि वस्तरा त्याच्याजवळ नुसता नेला. अर्धा केस खाली तरंगत गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

मग मात्र झाला. लोक उठून टाळ्या वाजवू लागले, एकाने शिट्टी मारली. चिटणीस धावत मंचावर आले.

“काका, या धारेचं रहस्य दोन शब्दांत सांगा. नव्या पोरांसाठी.”

काका उभे राहिले. टाळ्या थांबल्या.

“मला धार लावता येत नाही,” काका म्हणाले. “कधीच आली नाही. चौतीस वर्षं हिच्या आईने लावली. मी झोपायचो.” ते थांबले. लेकीने दगडावरचं पाणी पुसायला घेतलं होतं. तिचा हात थबकला. “गेली दोन वर्षं ही लावतेय. तेव्हाही मी झोपलेलोच होतो. मघाशी दाखवली ती माझी पद्धत.”

सगळं सभागृह पुन्हा हसलं, आधीपेक्षा मोठ्याने, आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

“याला म्हणतात विनय,” चिटणीस गहिवरून म्हणाले. “शिका जरा.”

खोटं बोलून मिळवलेलं नाव खरं बोलून जात नाही, याचा अंदाज काकांना नव्हता.

चष्मेवाला तेवढा हसला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि लेकीच्या हाताकडे निरखून पाहिलं. मग मंचाशी येऊन त्याने आतल्या खिशातून एक जुना, पिवळ्या मुठीचा वस्तरा काढला आणि काकांना ओलांडून तिच्यासमोर ठेवला.

“माझ्या वस्तादांचा आहे,” तो म्हणाला. “सवडीने बघशील का, ताई?”

“उद्या दुपारी बघते,” लेक म्हणाली.

घरी जाताना दगडाची पिशवी काकांनी घेतली.

“उठवायचं मला,” वाटेत काका म्हणाले.

“आईने बजावलं होतं, उठवू नकोस म्हणून.”

“माझी झोप मोडेल म्हणून?”

“नाही. ती म्हणायची, त्यांच्या घोरण्यावर हात बसतो. घोरणं थांबलं की फेरे चुकतात.”

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद झालं. काका आतल्या खोलीत गेले, गादीकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात आले. ओट्यावर दगड मांडलेला होता. त्यांनी स्टूल ओढलं, डब्याच्या खालच्या कप्प्यातून एक बोथट वस्तरा काढला आणि पाठ दगडाला टेकवली. धार टेकवली. पहिला फेरा पुढे नेला. खर्र.

“बाबा,” लेक म्हणाली.

त्यांनी हात हलका केला.