बादलीला धडकणारी राणी

रोज दिवेलागणीला राणी अंगणातल्या बादलीला धडकायची आणि नईमच्या घरात हशा पिकायचा. भद्रावतीच्या त्या गल्लीत लॅब्राडॉरची पिल्लं विकणारं हे एकच घर. राणी तीन वर्षांची, तांबूस रंगाची, सगळ्यांची लाडकी. मस्ती चढली तिला, असं नईम म्हणायचा आणि त्याची बायको रशिदा पुन्हा पाणी भरायची.

तांबूस पिल्लांवर गिऱ्हाईक तुटून पडतं. तो रंग हातचा जाऊ नये म्हणून नईम बाहेरचा नर आणतच नसे. आपल्या बादशाहची जोड त्याने बादशाहच्याच सख्ख्या बहिणीशी लावली, राणी त्यांचीच. आता राणी माजावर होती आणि उद्या सकाळी तिची जोड तिच्या बापाशी लागायची होती. पिल्लांच्या कागदावर मात्र बाप म्हणून नागपूरच्या कुठल्याशा बक्षीसवाल्या कुत्र्याचं नाव पडे. कुत्र्यांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन तपासायला पाठवा, वंशातून येणारे रोग कळतात, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं. नईमने ते हसण्यावारी नेलं. सगळे असंच करतात, हे त्याचं ठरलेलं उत्तर. ते खरंही होतं, आणि संताप त्याचाच येतो.

त्या दिवशी ऊन उतरताना आलापल्लीकडचा धानकरी लटारू मोतीला घेऊन आला. मोती राणीचाच भाऊ, एकाच वेताचा. संध्याकाळी बांधावरून चालताना मोती चुकू लागला, तेव्हा लटारूलाही ती मस्तीच वाटली होती. मग एकदा दिवस मावळताना तो विहिरीत पडला. दोर टाकून कसाबसा वर काढला. डोळ्यांचा पडदा आतून सुकत चालला आहे, आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं, आईबापाकडून आलेलं दुखणं आहे, औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"भांडाले नाई आलो, नईमभाऊ," लटारू म्हणाला. "गावातले लोक याची पिल्लं मागून राह्यले. आमी पोरगी देताना कूळ पाहतो. मले फक्त सांगा, याचा बाप कोन?"

नईमने ते नागपूरचं नाव सांगितलं. आवाज जराही कापला नाही.

अंधारून आलं होतं. तेवढ्यात राणी बादलीला धडकली. पाणी सगळ्यांच्या पायाशी आलं, पण या वेळी कुणी हसलं नाही. चहा घेऊन उभ्या असलेल्या रशिदाने कप खाली ठेवले.

"लटारूभाऊ, याचा बाप इथीच बांधून आहे," ती म्हणाली. "अन याची माय त्याचीच सख्खी बहीण. कागद खोटा आहे."

नईमने तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. तिने बादशाहला पिंजऱ्यात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

"उद्याची जोड लागनार नाई. आधी सगळ्यांची तपासनी. ज्यांनी ज्यांनी पिल्लं नेली, त्यांले मीच फोन करतो."

घर कशावर चालवशील, असं नईमने विचारलं. रशिदाने पदराची गाठ आणखी घट्ट केली.

लटारू उठला. फाटकाबाहेर तो टाळ्या वाजवत हळूहळू चालू लागला आणि त्या आवाजामागे मोती निघाला. टाळ्या ऐकू येईनाशा होईपर्यंत रशिदा उभी होती. मग तिने बादली उचलून भिंतीकडेला ठेवली आणि राणीचं डोकं कुशीत घेऊन रडली. इतके दिवस आपण कशाला हसत होतो, हे तिला कळलं होतं. पिल्लाचा रंग पाहून 'हेच द्या' म्हणणाऱ्या तुम्हाआम्हाला ते कधी कळणार?