समीक्षकाने खोटा ठरवलेला बाक

हुश्श! आलो बाबा एकदाचा घरी. मी वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीतला बाक बोलतोय. सुतारानं मला साध्या लाकडाचा घडवला, पॉलिशचा हात काही फिरवला नाही. ही चकाकी आली ती बसणाऱ्यांमुळे.

त्यातले नेमाचे म्हणजे पेपरकाका. त्यांना घर नाही. दार उघडलं की माझ्या डाव्या टोकाला बसायचे, पिशवी पायांशी, आणि पेपर पार छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून काढायचे. खोलीतल्या खुर्च्या सभासदांच्या, आणि सभासद व्हायला पत्ता लागतो. बिनपत्त्याच्यांसाठी मी एकटाच. बसायला जागा नसेल त्यानं बाहेर जायचं, असा इथला नियम, आणि शिपाई तो पाळायला लावायचा.

एके दिवशी नाटकवाले आले. बेघर माणसं आणि वाचनालय, हाच त्यांच्या नाटकाचा विषय. "बाक कसा अस्सल हवा," म्हणत नेपथ्यकारानं मला उचलायला लावलं. ग्रंथपालबाईंनी हौसेनं होकार दिला. "मग मी बसू कुठे?" काकांनी विचारलं. ते कुणाच्या कानावरच गेलं नाही.

रंगमंचावर माझी चंगळ होती. दिवे काय, टाळ्या काय! एक नट माझ्यावर बसून कुडकुडायचा आणि प्रेक्षक डोळे पुसायचे. माझा जीव मात्र काकांपाशी. त्यातून आता दौरा निघणार होता, म्हणजे माझ्या सुटकेची आशा संपलीच.

अशात पेपरात परीक्षण आलं. नेपथ्यकारानं ते माझ्यावरच बसून मोठ्यानं वाचलं. समीक्षकानं नाटक अगदी डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तेवढा टोला हाणला होता: "बाक मात्र खोटा वाटतो. गरिबांचा बाक इतका गुळगुळीत कसा?"

"बोंबला!" नेपथ्यकारानं कपाळावर हात मारला. "हा आजच परत पाठवा. नवा करा आणि चांगला खरवडून काढा!"

एरवी मला मिरच्या झोंबल्या असत्या. त्या दिवशी म्हटलं, समीक्षकाच्या तोंडात साखर पडो!

टेम्पो थांबला तेव्हा काका वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. धावत येऊन त्यांनी माझं एक टोक धरलं. "सावकाश हो, दाराला घासेल!"

मग बसले, पेपर उघडला. परीक्षणाच्या शेवटाशी थांबले, माझ्यावरून तळवा फिरवला आणि खुदकन हसले.

"तू खोटा होय रे?"

शिपाई शेजारून गेला. त्यानं कुणाला बाहेर काढलं नाही.

कधी आलात तर जरूर बसा. फक्त उजवीकडे. डाव्या टोकाला माणूस आहे.